वाटणीच्या दाव्यात प्रत्येकाची मुदत वेगळी: आमच्या पक्षकारांसाठी माहिती

आमच्या इंदूरच्या ऑफिसात वाटणीचा दावा येतो तेव्हा फक्त दोन भाऊ समोरासमोर असतात, असं आता क्वचित घडतं. आजोबांचा वाडा, देवासकडची थोडी शेती आणि हक्कदार नऊ-दहा: काका पुण्याला, आत्या ग्वाल्हेरला, चुलत बहीण परदेशात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मतः हक्क दिला. वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे प्रत्येक बहिणीचं नाव दाव्यात येतं, आणि ते आलंच पाहिजे. मात्र जितकी माणसं, तितक्या मुदती सांभाळाव्या लागतात.

जवाबदावा, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, देण्याची मुदत समन्स मिळाल्यापासून 30 दिवस. कोर्ट कारण नोंदवून ती 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. हे दिवस मोजायचे ते तुम्हाला समन्स मिळालं त्या तारखेपासून, थोरल्या भावाच्या नाही. 'दादा बघून घेतील' म्हणून समन्स कपाटात ठेवू नका. दादांचा वकील दादांची बाजू मांडेल, तुमचा हिस्सा मांडायला तो बांधील नाही. समन्स आलं की पाकिटावर तारीख लिहा आणि त्याच दिवशी आम्हाला फोटो पाठवा. घ्यायला नकार दिला तरी कोर्ट तामील झाली, म्हणजे समन्स पोचलं, असंच धरू शकतं. (भागीदारीच्या धंद्याचा वाद व्यावसायिक दावा म्हणून चालत असेल तर जास्त सावध राहा: तिथे 120 दिवसांनंतर जवाबदावा घेतलाच जात नाही.)

दावा तुम्ही लावला असेल तर नातेवाइकांचे आजचे पत्ते द्या. समन्स तामील न होता परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज न केल्यास त्या माणसापुरता दावा खारीज होऊ शकतो.

कागदांचं काम लोकांना सगळ्यात शेवटी आठवतं. खसरा आणि बी-1 (शेतजमिनीच्या नोंदींचे उतारे), नामांतरणाचा आदेश, जुनी रजिस्ट्री, मृत्युपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, जे आहे ते पहिल्याच भेटीत आणा, आपल्या विरोधात जाणारा कागदसुद्धा. तुमच्या जवाबदाव्यात एखाद्या कागदाचा उल्लेख असेल तर समोरचा तो पाहायला मागू शकतो. नोटीस येऊनही दाखवला नाही, तर सबळ कारणाशिवाय तो पुढे तुमच्या पुराव्यात वापरता येत नाही. कोर्टाच्या परवानगीने समोरच्याकडून लेखी प्रश्न आले, तर उत्तर शपथपत्रावर आणि साधारणपणे दहा दिवसांत द्यावं लागतं. उत्तर किंवा कागद देण्याचा आदेश कोर्टाने दिल्यावरही टाळलं, तर वादीचा दावा खारीज आणि प्रतिवादीचा बचाव रद्द, इथपर्यंत वेळ येऊ शकते. अस्सल कागद कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवण्याआधी दाखल व्हावे लागतात. सरकारी कागदांची प्रमाणित नक्कल निघायला वेळ लागतो, म्हणून ते काम आधीच सुरू करा.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येक कुटुंबाला बसवून सांगतो. दावा चालू असताना कुणी वारलं, तर 90 दिवसांत त्यांचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. नाहीतर त्या व्यक्तीपुरता दावा संपतो, आणि वाटणीत सगळ्यांचे हिस्से गुंतलेले असल्याने धक्का सगळ्यांना बसू शकतो. दावा असा संपल्याचं रद्द करून घेण्याच्या अर्जाला पुढे 60 दिवस असतात. त्यानंतर उशीर माफ करून मागावा लागतो. घरात दुःख असताना वकिलाला फोन करणं जड जातं, हे आम्ही जाणतो. तेरावा होऊ द्या, पण त्यानंतर लगेच कळवा. बोलणं बंद असलेल्या नातेवाइकाबद्दलही कळवा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते एवढंच आम्हाला लागतं.

पेशीची (सुनावणीची) तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या दाव्याचा 16 अंकाक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर क्रमांक, टाकून तुम्हाला स्वतः पाहता येते. तुमचा क्रमांक या पत्रकाच्या मागच्या बाजूला आम्ही हाताने लिहून देतो. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून मिळू नये असा नियम आहे. साक्षीला येणं जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी नको, आठवडाभर आधी सांगा.