भिजत घोंगडं कुणाचं? हद्दवाढीच्या शब्दांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं शहरात घेण्याचा, विषय निघाला की ठरलेले शब्द येतात: धरसोड, चालढकल, तळ्यात-मळ्यात, भिजत घोंगडं. एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत चालवला जातो. खरं तर यातला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतो, आणि एक तर कुणाकडेच दाखवत नाही.

द्विधा, दोलायमान, किंकर्तव्यमूढ ही संस्कृत मंडळी अग्रलेखापुरतीच. ‘दिरंगाई’ फारसी ‘दिरंग’वरून आली आणि कचेरीत मुक्कामाला राहिली. देशी शब्द मात्र माणसाच्या अंगावर बेतलेले. पाय घुटमळतात, तोंड कां-कूं करतं, मनाची चलबिचल होते, हात धरसोड करतो. ‘चालढकल’ या घरातली नव्हेच. तिच्यात संशय नसतो. आज करायचं नाही, एवढं पक्कं ठरलेलं असतं.

तळ्यात-मळ्यात हा पोरांचा खेळ. राज्य असलेला ओरडेल तशी रेषेच्या अलीकडे-पलीकडे उडी मारायची, चुकला तो बाद. म्हणजे खेळणाऱ्याला स्वतः काही ठरवायचंच नसतं, दुसऱ्याच्या हाकेवर उडायचं असतं. राजकारणात हा शब्द काठावरच्या पुढाऱ्याला लावतात. हाक कुणाची, हे विचारलं तर तो तिथेही चपखल बसतो.

आता घोंगडं. मेंढीच्या लोकरीचं, सनगरांच्या मागावरचं, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं. भिजलं की एकट्याला पिळवत नाही आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. रखडलेल्या कामाला शब्द झकास आहे, पण त्याची एक खोड आहे. ‘घोंगडं भिजत पडलंय’ या वाक्यात भिजवणारा नाही. धरसोड कुणीतरी करतं, चालढकल कुणीतरी करतं. घोंगडं आपलं आपण भिजतं.

हद्दवाढीत नेमकं हेच सोयीचं ठरलं. १८५४ सालची नगरपालिका १९७२ साली महापालिका झाली, हद्द मात्र तीच राहिली. पुढे प्रस्ताव गेले, परत आले, पुन्हा गेले. शहराचं म्हणणं सरळ आहे: वस्ती हद्दीला चिकटली, महापालिकेची बस, केएमटी, गावात जाते, मग हद्दीबाहेर का? गावांचं म्हणणंही तितकंच सरळ: घरफाळा वाढणार, शेतावर आरक्षण पडणार, सोयी मात्र मिळतील तेव्हा मिळतील. मोर्चे दोन्हीकडून निघाले. यात चलबिचल कुठे आहे? एकाचा होकार ठाम, दुसऱ्याचा नकार ठाम. डळमळलं ते वरच्या टेबलावर, आणि तिथलं नाव निघू नये म्हणून घोंगडं पुढे केलं जातं.

२०१७ साली हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. शहराला गावं मिळाली नाहीत, गावांना बांधकाम परवान्यासाठी नवं दार मिळालं. याला ‘मधला मार्ग’ म्हणणाऱ्यांनी ‘चालढकल’ हा शब्द एकदा शेजारी ठेवून बघावा.

‘निकाली’चीही तीच गत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती म्हणजे कुणाची तरी पाठ मातीला लागणार. कचेरीत अर्ज ‘निकाली काढला’ म्हणजे फाईल बंद झाली. कोण चीतपट झालं, ते कागदावर सापडत नाही.