प्रोग्रॅमरच्या पायऱ्या आणि एक साधी बेरीज

हिंजवडीच्या कँटीनमध्ये प्रोग्रॅमरच्या पायऱ्यांचा एक विनोद निरनिराळ्या रूपांत ऐकू येतो. कोड चालला नाही की पहिल्या पायरीवरच्याला आश्चर्य वाटतं. दुसऱ्या पायरीवरचा तो का चालला नाही हे शोधून काढतो. आणि तिसऱ्या पायरीवरच्याचा कोड पहिल्याच फटक्यात चालला, तर त्याच्या पोटात गोळा येतो. लोक हसतात, पण ही तिसरी पायरी अगदी शास्त्रशुद्ध आहे.

क्रमाने लावलेल्या यादीत शोधण्याची ‘बायनरी सर्च’ ही रीत घ्या. ६०,००० शब्दांचा कोश मधोमध उघडायचा. हवा तो शब्द अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यायचा, उरलेला पुन्हा मधोमध उघडायचा. जास्तीत जास्त १६ वेळा उघडून शब्द सापडतो, कारण दोनाचा १६वा घात ६५,५३६ आहे. संगणकाच्या आद्य निर्मात्यांपैकी एक जॉन मॉचली यांनी ही रीत १९४६ मध्ये मांडली. यादी कितीही लांबीची असली तरी बरोबर चालणारी पहिली कृती छापून यायला मात्र १९६० उजाडलं, अशी नोंद संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी केली आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रॅमरना भरपूर वेळ देऊन ती लिहायला सांगितली, तेव्हा जेमतेम १० टक्के लोकांना ती बिनचूक जमली. बेंटलींनी स्वतःची कृती गणिती सिद्धतेसह दिली. त्यांच्या वर्गात बसलेले जोशुआ ब्लॉक यांनी पुढे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी हीच कृती लिहिली. आणि २००६ मध्ये ब्लॉक यांनीच जाहीर केलं, की दोन्हींत एकच चूक आहे. जावामध्ये ती सुमारे नऊ वर्षं लपून होती.

चूक मध्य काढण्यात होती. उरलेल्या भागाच्या पहिल्या जागेचा क्रमांक म्हणजे खालचं टोक, शेवटच्या जागेचा म्हणजे वरचं. खालचं टोक अधिक वरचं टोक, भागिले दोन. शाळेतली सरासरी! पण मशीन हा आकडा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांत ठेवतं आणि पहिला बिट चिन्हासाठी राखून ठेवतं. उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७, म्हणजे साधारण २१४ कोटी. तिच्यात १ मिळवला की ३१ एकांचे शून्य होतात, हातचा चिन्हाच्या बिटावर जाऊन बसतो आणि मशीन ती संख्या ऋण म्हणून वाचतं. समजा खालचं टोक १२० कोटींवर आहे आणि वरचं १५० कोटींवर. दोन्ही संख्या मावतात, पण त्यांची २७० कोटींची बेरीज मावत नाही. तिच्यातून दोनाचा ३२वा घात, म्हणजे सुमारे ४२९.४९ कोटी वजा होतात आणि हाती येतात उणे १५९.४९ कोटी. त्याचं निम्मं, म्हणजे उणे ७९.७४ कोटी, हा यादीतला मध्य! असा क्रमांक यादीत नसतोच, त्यामुळे जावाचा प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

सिद्धता गणितातल्या पूर्णांकांसाठी खरी होती. त्यांना शेवट नसतो, मशीनमधल्यांना असतो.

दसऱ्याला लॅपटॉपला हळद-कुंकू जरूर लावावं. पण ‘काल चालत होतं, आज आपोआप बंद पडलं’ ही समजूत सोडायला हवी. कोड तोच असेल तर दुसरं काहीतरी बदललेलं असतं, आणि पुष्कळदा तो डेटा असतो. ही चूक दिसायला यादी सुमारे १०७ कोटींपलीकडे जावी लागते. एवढ्या मोठ्या याद्या नव्हत्या, तोवर चाचण्या पास होत राहिल्या.

उपाय एका ओळीचा आहे: आधी टोकांमधला फरक काढा, त्याचं निम्मं करा आणि ते खालच्या टोकात मिळवा. १२० अधिक १५, म्हणजे १३५ कोटी. मर्यादा कुठेच ओलांडली जात नाही. जावामध्ये दुसरा मार्ग निवडला गेला: बेरीज होऊ द्यायची, पण निम्मं करताना चिन्हाचा बिटही संख्येचाच भाग मानायचा. ३१ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज ३२ बिटांत मावतेच, म्हणून हेही बरोबर.

असे दोष माणसाच्या नजरेवर सोडू नयेत, प्रोग्रॅमनेच प्रोग्रॅम तपासावा, यावर पुण्यातही संशोधन होतं. १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी (टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर) या केंद्राचा हा एक जुना विषय आहे. चार आकडे देऊन कोड चालवून पाहण्याऐवजी अशी पद्धत विचारते, की ही बेरीज हाताबाहेर जाईल अशी एखादी तरी संख्या आहे का?