रस्ता खणून मोजलेली टक्केवारी

परवा आमच्या यावल तालुक्यातल्या एका शेतरस्त्यावर केळीचा ट्रक रुतला. आप्पांनी टाचेने कड उकरली. बोटभर खडी, खाली थेट काळी माती. "हाऊ रस्ता उना तसा गया," ते म्हणाले. मग कोणी किती टक्के खाल्ले यावर पारावर तासभर वाद. प्रत्येकाचा आकडा वेगळा, कारण मोजलं कोणीच नव्हतं.

खरं तर उखडलेला रस्ता हा चोरीचा पुरावा नव्हे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. चांगला रस्ताही ती उचकटते.

मग चोरी मोजायची कशी? बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने इंडोनेशियात जावा बेटावरच्या 600हून जास्त गावांत ती मोजली. निष्कर्ष 2007 साली छापून आले. रस्ते साधेच: तळाला मोठे दगड, वर खडी, वाळू. काम संपल्यावर इंजिनिअरांनी ते जागोजाग खणले, थरांवरून माल किती पडला ते काढलं, आसपासचे भाव विचारले आणि येणारी रक्कम बिलातून वजा केली. पण दगड जमिनीत रुततात, वाळू वाहून जाते. ती घट चोरीत धरली तर प्रामाणिक सरपंचही चोर ठरेल. म्हणून त्यांनी स्वतःच छोटे रस्ते बांधले, जिथे एक पाटीही इकडची तिकडे झाली नव्हती, आणि तेही खणले. त्यात माल जितका कमी भरला, तितकी सूट बाकीच्या रस्त्यांना. त्यानंतरही जुळत नाही तो गायब पैसा.

काही गावांना आधीच बजावलं होतं की सरकारी तपासणी होणारच. एरवी ती शक्यता शंभरात चार. कोणत्या गावाला बजावायचं हे नशिबावर सोडलं, म्हणून तुलना खरी. बजावलेल्या गावांत गायब खर्च शंभर रुपयांमागे 8 रुपयांनी घटला. मात्र कामावर नातेवाईक लावणं वाढलं! पाटाचं एक बारं बुजवलं की पाणी दुसरीकडून फुटतं, हे बागायतदाराला काय सांगायचं.

आपल्याकडे भूमिपूजनाला नारळ फुटतो. 'कामाचे फोटो टाकायचं ॲप आलं की भ्रष्टाचार संपला' हा त्यातलाच नवा अंगारा. ॲपवरच्या फोटोत डांबराचा रंग दिसतो, थराची जाडी नाही.

आता मतदानाचं. ब्राझीलने 2003 पासून कुठल्या नगरपालिकांचे हिशेब तपासायचे हे सोडतीने ठरवलं. काहींचे अहवाल 2004 च्या निवडणुकीआधी आले, काहींचे नंतर. गैरकारभार दोन्हीकडे सारखाच, फरक फक्त तारखेचा, आणि तीही सोडतीने पडलेली. फेराझ आणि फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी निवडणुकीचे निकाल ताडून पाहिले. एकाहून जास्त गैरप्रकार मतदानाआधी उघड झाले, तिथे महापौर पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली. गावात स्थानिक रेडिओ असेल तर आणखीच. आणि ज्यांचे हिशेब स्वच्छ निघाले, त्यांना त्याच रेडिओने मतं मिळवून दिली.