आजीची जमीन: 1937 चा हक्क आणि 1956 ची मालकी

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडे जुन्या वाटण्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आजीला फक्त हयातीपुरता हक्क होता." हे वाक्य 1937 च्या कायद्यातलं आहे. 1956 च्या कायद्याने ते बहुतेक ठिकाणी मोडीत काढलं. दोन्ही कायदे विधवेला मालमत्ता देणारे, म्हणून गल्लत होते आणि त्या गल्लतीत लेकींचा वाटा बुडतो.

1937 चा कायदा म्हणजे हिंदू स्त्रियांचा मालमत्ता हक्क कायदा. तो मुंबईचे शल्यविशारद आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य डॉ. गोपाळराव विनायक देशमुख यांनी लावून धरला, म्हणून तो 'देशमुख कायदा'. (लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख वेगळे; ते 1892 मध्येच वारले होते.) डॉक्टरांच्या मूळ विधेयकात मुलींनाही वाटा होता. तो गाळला गेला आणि विधवेच्या पदरात पडलं तेही मर्यादित. 14 एप्रिल 1937 पासून पुढे नवरा वारला, तर एकत्र कुटुंबातला त्याचा हिस्सा विधवेकडे येई. तिला उत्पन्न खाता येई, वाटणीही मागता येई. पण कायदेशीर गरज (घरचं कर्ज, पोटापाण्याचा खर्च अशी) असल्याखेरीज विकता येत नसे. ती गेल्यावर जमीन नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. शिवाय शेतजमिनीला हा कायदा आपोआप लागू नव्हता. 1941 मध्ये फेडरल कोर्टाने तसं ठरवल्यावर प्रांतांना त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबईकडे होतं, त्यामुळे इथल्या जुन्या प्रकरणांत मुंबईचा कायदा पाहायचा, म्हैसूरचा नव्हे.

हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला आला. त्याचं कलम 14(1) सांगतं की बाईकडे असलेली मालमत्ता, आधी मिळालेली असो की नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. म्हणजे 1948 मध्ये हिस्सा मिळालेली आजी त्या दिवशी हयात असेल आणि जमीन तिच्याकडे असेल, तर ती मालक झाली. ताबा म्हणजे स्वतः कसणं नव्हे. कुळाकडून खंड घेत असली तरी चालतं. ती मृत्युपत्र न करता गेली तर कलम 15 प्रमाणे मुलगे आणि मुली सारखे वारस, लग्न झालेल्या लेकीसुद्धा.

एकाच घराचा हिशेब दोन्हीकडे मांडून पाहा. वडिलोपार्जित 24 एकर. नवरा-बायको, दोन मुलगे, तीन मुली. नवरा 1950 मध्ये वारला तर बायकोला 8 एकर, मुलग्यांना 8-8, मुलींना शून्य. तोच 1960 मध्ये वारला तर आधी नवरा, बायको आणि दोन मुलगे अशी मनातल्या मनात वाटणी करायची, प्रत्येकी 6 एकर. मग नवऱ्याचे 6 एकर सहा वारसांत. बायकोला 7, मुलग्यांना 7-7, मुलींना 1-1. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये गुरुपाद विरुद्ध हिराबाई या खटल्यात विधवेला 7/24 दिला तो याच हिशेबाने. मुलींना जन्माने मिळणारा हक्क हा 1994 आणि 2005 च्या दुरुस्त्यांचा विषय. तो इथे मिसळू नये.

आजीने 1956 च्या आधीच परक्याला खरेदी देऊन ताबाही सोडला असेल, तर 14(1) तिच्या उपयोगाचं नाही. ती 17 जूनच्या आधी वारली असेल, तरीही नाही.

सगळ्यात फसवा कागद म्हणजे मृत्युपत्र. "पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा" असं त्यात लिहिलेलं असलं की त्याच कलमाचा दुसरा भाग, 14(2), पुढे केला जातो, कारण मृत्युपत्र, बक्षीसपत्र किंवा हुकूमनाम्यानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. पण जमीन तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेली असेल, तर अटी असूनही ती पूर्ण मालक होते. तुळसम्मा खटल्यात 1977 मध्ये हे ठरलं. त्यामुळे 'हयातीपर्यंत' एवढा एक शब्द पाहून लेकींनी सही करून मोकळं होऊ नये. जमीन कशापोटी दिली, ती ओळ आधी शोधावी.

उताऱ्यावर 'हयातीपर्यंत' असा जुना शेरा अजून दिसत असेल, तर त्यानेही घाबरायचं कारण नाही. महसुली नोंदीने मालकी जन्मतही नाही, जातही नाही; वाद झालाच तर तो दिवाणी न्यायालयात सुटतो.

तिथे लागतात दोन तारखा: आजोबा वारले ती आणि आजी वारली ती. त्या वारसा नोंदीवरून उचलू नयेत, कारण नोंद मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी झालेली असते. आजी 1955 मध्ये गेलेली, नोंद 1958 ची, एवढ्या फरकाने निकाल उलटा होतो. आधी गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरचा दाखला मागावा. तो नसेल तर तहसीलदार कार्यालयातून त्या नोंदीची पूर्ण नक्कल आणि तिच्यासोबतचा वारसांचा अर्ज, जबाब काढावेत. मृत्यूची तारीख बहुधा त्यात लिहिलेली असते.