नेटवर्क स्विचवरची अॅक्सेस कंट्रोल लिस्ट (एसीएल)

स्विचनं (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणानं) आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पुढे सोडायचं की टाकून द्यायचं हे ठरवणारी नियमांची क्रमवार यादी. तपासणी वरून खाली होते, पहिला नियम जुळला की निकाल लागला, आणि काहीच जुळलं नाही तर यादीच्या तळाशी न दिसणारा डिनाय (अडवा असा नियम) असतोच.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. बरेच जण इतिहास 1965 पासून सुरू करतात, तेव्हा मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल सिस्टिमवर डेली आणि न्यूमन यांचा पेपर आला आणि त्यात प्रत्येक फाइलला कोणाला काय करता येईल याची यादी जोडलेली होती. दुसरं मत असं की नेटवर्कवरची एसीएल ही पॅकेट फिल्टरची वंशज, म्हणजे साधारण 1980 च्या दशकाचा उत्तरार्ध, डेक या कॉम्प्युटर कंपनीतलं जेफ्री मोगल यांचं गेटवेवर (दोन नेटवर्क जोडणाऱ्या मशीनवर) पॅकेट गाळायचं काम वगैरे. हे दुसरं जास्त पटतं, कारण मल्टिक्सची यादी युजर ओळखते आणि स्विचला फक्त हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची पत्ते वगैरे माहिती) दिसतं, नातं असलंच तर लांबचं. राउटरमधली (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर पॅकेट पोचवणाऱ्या उपकरणातली) ही सोय स्विचमध्ये उतरली ती बहुधा 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, लेयर 3 स्विच, म्हणजे राउटिंगही करणारे, आले तशी.

सिस्कोच्या राउटर-स्विचवरच्या आयओएस या सिस्टिममध्ये 1 ते 99 नंबरची स्टँडर्ड लिस्ट फक्त सोर्स (पाठवणाऱ्याचा पत्ता) बघते, 100 ते 199 ची एक्स्टेंडेड लिस्ट डेस्टिनेशन, प्रोटोकॉल आणि पोर्ट (पॅकेट कुठल्या सेवेसाठी आहे तो नंबर) हेसुद्धा बघते. आता सहसा नाव देऊनच लिस्ट करतात. पत्त्याचा कुठला भाग जुळायलाच हवा हे सांगणारा मास्क इथं उलटा लागतो, 0.0.0.255 असा, म्हणजे 0 तिथं जुळायलाच हवं आणि 255 तिथं काहीही चालतं. सवयीनं 255.255.255.0 टाकलं तर कमांड बिनतक्रार घेतली जाते, पण मग ज्यांचा शेवटचा आकडा 0 आहे तेवढेच पत्ते जुळतात.

लिस्ट फिजिकल पोर्टवर, व्हीलॅनच्या (स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कच्या) एसव्हीआयवर, म्हणजे त्या व्हीलॅनच्या राउटिंगसाठीच्या आभासी इंटरफेसवर, किंवा अख्ख्या व्हीलॅनला व्हीलॅन मॅप म्हणून लागते. एसव्हीआयवरची लिस्ट फक्त राउट होणारं ट्रॅफिक बघते, एकाच व्हीलॅनमधली दोन मशीन आपसात बोलत असतील तर तिला पत्ताच नसतो. तिथं इन म्हणजे व्हीलॅनमधून स्विचकडे येणारं. इनला फक्त आपल्या सबनेटला (त्या व्हीलॅनच्या पत्त्यांच्या गटाला) परमिट (सोडा असा नियम) दिलं तर डीएचसीपी, म्हणजे मशीनला आपोआप पत्ता देणारी सोय, बंद पडतं, कारण नव्या मशीनची पहिली मागणी, पत्ता अजून मिळालेला नसल्यानं, 0.0.0.0 वरून निघते.

हे सगळं वायर-स्पीडला (केबलच्या पूर्ण वेगानं) चालतं ते टीकॅम मेमरीमुळे. तिच्या प्रत्येक बिटला 0, 1 आणि 'काहीही चालेल' अशा तीन अवस्था असतात आणि सगळ्या नोंदी एकाच वेळी तपासल्या जातात, पण रेंज (इथून तिथपर्यंतचे सगळे नंबर) तिला थेट कळत नाही, तुकडे पाडावे लागतात. 1023 च्या वरचे पोर्ट म्हटलं तर 6 नोंदींत भागतं, 1 ते 65534 म्हटलं तर 30 लागतात. काही चिपमध्ये रेंजसाठी वेगळी तुलना-सर्किट असतात पण ती मोजकीच, म्हणून यादी लहान दिसते आणि टीकॅम मात्र भरतं. मग काही मॉडेल लिस्ट लावायलाच नकार देतात, काही ट्रॅफिक हळू चालणाऱ्या सीपीयूकडे ढकलतात, आणि ते जास्त वाईट.

फायरवॉलची जागा एसीएल घेत नाही, कनेक्शन तिच्या लक्षात राहत नाही. नियमात एस्टॅब्लिश्ड (आधीच जोडलेलं कनेक्शन) हा शब्द टाकला तरी टीसीपी हेडरमधला एसीके (पोच मिळाल्याची खूण) किंवा आरएसटी (कनेक्शन तोडल्याची खूण) बिट बघितला जातो, बस.

आयपीव्ही6 मध्ये (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत), आयओएसपुरतं, तळच्या डिनायआधी नेबर डिस्कव्हरीला, म्हणजे शेजारची मशीन शोधायच्या विचारणेला आणि उत्तराला, छुपं परमिट असतं. लॉगसाठी म्हणून स्वतः शेवटी डिनाय लिहिला की तेही अडतं, त्यामुळे त्याच्या वर दोन परमिट हातानं लिहावे लागतात.