सेलर्सचा हिंदुस्थानी आवाज : १९६० च्या वादामागची पार्श्वभूमी

ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्स म्हटले की आपल्याकडे त्याने रंगवलेली दोन माणसे आठवतात. एक 'पिंक पँथर'मधला तो धडपडणारा फ्रेंच इन्स्पेक्टर आणि दुसरा 'द पार्टी' या चित्रपटातला हिंदुस्थानी ह्रुंडी बक्षी. बक्षीचा विषय निघाला की चर्चा मेकअपपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. गोऱ्या नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून हिंदुस्थानी माणूस रंगवावा का, एवढाच प्रश्न उरतो. १९६० च्या 'द मिलिओनेरेस'मधल्या त्याच्या हिंदुस्थानी डॉक्टरवरचा वादही याच जातीचा. मला वाटते, या गोष्टीची सुरुवात आपण चुकीच्या जागी धरतो. रंग नंतर आला. आवाज त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

सेलर्सचा जन्म १९२५ चा, पोर्ट्समथच्या साउथसी भागातला. आईबाप दोघेही व्हरायटीच्या, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या, रंगमंचावरचे. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात गेला आणि तिथल्या करमणूक पथकाबरोबर सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश असा फिरला. या काळात त्याला एक खोड लागली होती. वेश आणि आवाज बदलून तो अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये शिरायचा. त्या सोंगांत एक शीख अधिकाऱ्याचेही होते. म्हणजे हिंदुस्थानी बोलणे त्याने पुस्तकातून उचलले नव्हते, छावणीत ऐकलेले होते.

युद्धानंतर काम मिळेना. १९४८ मध्ये त्याने बीबीसीच्या एका निर्मात्याला फोन लावला आणि तेव्हा गाजत असलेल्या नभोवाणी कार्यक्रमातल्या नामांकित कलाकाराच्या आवाजात बोलू लागला : पीटर सेलर्स नावाचा एक पोरगा पाहिला, फार गुणी आहे, त्याला घ्या. मध्येच त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या कलाकाराचा आवाज काढून त्यानेही दुजोरा दिला. मग धीर सुटला आणि आपण कोण ते त्याने सांगून टाकले. निर्माता भडकला, पण काम दिले. सेलर्सची सगळी कारकीर्द मला या एका फोनमध्ये दिसते. समोर चेहरा नाही, ओळख नाही, फक्त घसा आहे, आणि ऐकणाऱ्याचा त्यावर पुरता विश्वास बसला आहे.

पुढे २८ मे १९५१ ला 'गून शो' हा बीबीसी नभोवाणीवरचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवे, कारण या कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ ला आपल्या अहमदनगरात जन्मला. वडील ब्रिटिश सैन्यात, बालपणाचा काही काळ पुण्यात, शाळा तिथल्याच कॉन्व्हेंटची. या कार्यक्रमात सेलर्स आणि मिलिगन मिळून लालकाका आणि बॅनर्जी अशी एक जोडी रंगवत. लालकाका हे मुंबई-पुण्याकडे ओळखीचे पारशी आडनाव, बॅनर्जी बंगाली. पण बोलताना दोघांचा सूर मात्र एकच!

हीच खरी मेख आहे. ज्याला 'हिंदुस्थानी उच्चार' म्हणतात तो कोणाचा? सदाशिव पेठेतल्या माणसाचे इंग्रजी वेगळे, मदुराईच्या माणसाचे वेगळे, लुधियानाच्या माणसाचे आणखी वेगळे. सेलर्सचा आवाज यांपैकी कुठलाच नाही. वाक्याच्या शेवटी वर चढणारा सूर, जड 'ट' आणि 'ड', जरा जास्तच अदब, अशी ती मोट आहे. सेलर्सचा कान विलक्षण होता, हे मी मनापासून मानतो. लंडनच्या वेगवेगळ्या थरांतली माणसे तो नुसत्या स्वरावरून वेगळी काढून दाखवी. आपल्या वाट्याला मात्र एकच स्वर आला.

१९६० मध्ये डॉक्टरला हिंदुस्थानी करण्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. 'द मिलिओनेरेस' हा चित्रपट बर्नार्ड शॉच्या १९३६ च्या नाटकावरून केलेला. नाटकातला डॉक्टर इजिप्शियन आहे. पडद्यावर तो हिंदुस्थानी झाला, पण नाव राहिले अहमद अल कबीर. असे 'अल' लावलेले नाव हिंदुस्थानी डॉक्टरला शोभत नाही, हे कोणाला खटकलेले दिसत नाही. राष्ट्रीयत्व बदलून काय साधले? माझे उत्तर सरळ आहे : एक तयार आवाज मिळाला. आदल्याच वर्षी सेलर्सने एका ध्वनिमुद्रिकेत 'माय फेअर लेडी'तले गाणे याच ढंगात म्हटले होते आणि लोकांना त्याची चटक लागली होती.

न्यायाने सांगायचे तर हा डॉक्टर टवाळ नाही. गरिबांचा दवाखाना चालवतो, कोट्यधीश बाईच्या पैशाला भुलत नाही, हसे होते ते तिच्या श्रीमंतीचे. पण चित्रपटापेक्षा लक्षात राहिले ते गाणे. 'गुडनेस ग्रेशस मी' हे सेलर्स आणि सोफिया लॉरेनचे युगुलगीत चित्रपटात नाहीच, जाहिरातीसाठी ते वेगळे काढले. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. डॉक्टरचा सज्जनपणा पडद्यावरच राहिला आणि उच्चार तेवढा घरोघर गेला. तिथे वाढलेल्या हिंदुस्थानी मुलांना शाळेत त्याच सुरात चिडवले जाई, अशा आठवणी त्या पिढीने सांगितल्या आहेत. रेकॉर्डवर मेकअप कुठे होता?

त्यानंतरचे थोडक्यात. १९६७ च्या सुमारास 'चारुलता'चे दिग्दर्शक सत्यजित राय यांच्या नियोजित चित्रपटात सेलर्स मारवाडी व्यापारी होणार होता. तो चित्रपट झालाच नाही. १९६८ मध्ये 'द पार्टी' आला. १९६९ मध्ये मिलिगनने एका दूरचित्रवाणी मालिकेत तोंडाला रंग लावून पाकिस्तानी-आयरिश कामगार रंगवला. सहा भागांनंतर नियामक संस्थेने ती बंद करायला लावली. सेलर्स १९८० मध्ये वारला.

१९९६ मध्ये ब्रिटिश-आशियाई कलाकारांनी बीबीसीवर आपला विनोदी कार्यक्रम सुरू केला, १९९८ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला. आधी त्याचे नाव 'पीटर सेलर्स इज डेड' ठरत होते. पण कलाकारांना सेलर्स आवडायचा, म्हणून ते नाव सोडले आणि 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाण्याचेच नाव घेतले. 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन व्यंगचित्र मालिकेतल्या हिंदुस्थानी दुकानदार अपूला आवाज देणाऱ्या अमेरिकन नटाने आपण बक्षीवरून तो उचलल्याचे सांगितले आहे. त्या आवाजावरून रान उठले आणि २०२० मध्ये त्याने अपूचे काम सोडले. अपू हे हाताने काढलेले चित्र. त्याच्यामागे माइकपाशी एक गोरा नट उभा असे, तोंडाला काहीही न लावता.