कीस्टोनच्या बटणाची किंमत

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचा तक्ता पडद्यावर दाखवला गेला, तेव्हा त्यातल्या काही उभ्या रेषा ठळक, काही फिकट आणि काही जवळपास गायब दिसत होत्या. ‘प्रोजेक्टर जुना झाला, नवा घ्या’ अशी सूचना लगेच आली. प्रोजेक्टरमध्ये काहीच बिघाड नव्हता. पडदा उंच असल्यामुळे कोणीतरी प्रोजेक्टरच्या पुढच्या पायांखाली दोन जाड वह्या सरकवल्या होत्या आणि त्यामुळे वाकडे झालेले चित्र रिमोटवरच्या ‘कीस्टोन’ या बटणाने सरळ केले होते. हे बटण चित्र सरळ करते हे खरे, पण ते कशाच्या मोबदल्यात करते हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रोजेक्टरच्या आत हाताच्या बोटावर मावेल एवढी एक चिप असते आणि तिच्यावरचे चित्र भिंगातून मोठे होऊन पडद्यावर पडते. चिप आणि पडदा एकमेकांना समांतर असतील, तर शाळेत शिकलेल्या समरूपतेच्या नियमाप्रमाणे आयताचा आयतच राहतो. प्रोजेक्टरचे तोंड वर केले की ही समांतरता मोडते. वरच्या कडेकडे जाणाऱ्या किरणांना जास्त अंतर कापावे लागते, तेवढे ते जास्त फाकतात आणि पडद्यावर वर रुंद, खाली अरुंद असा समलंब चौकोन तयार होतो. कमानीच्या माथ्यावर बसवलेल्या दगडाचा आकार असाच असतो, त्या दगडाला इंग्रजीत कीस्टोन म्हणतात, आणि त्यावरूनच या दोषाला हे नाव मिळाले. चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर ठेवायचा, भिंगाचा अक्ष चित्राच्या मध्यातून जाणारा प्रोजेक्टर पडद्यापासून 3 मीटरवर ठेवून 15 अंश वर कलवला, तर चित्राची खालची कड सुमारे 1.97 मीटर आणि वरची सुमारे 2.18 मीटर भरते.

आता कीस्टोनचे बटण काय करते ते पाहू. ते भिंगाला हातही लावत नाही. चिपवरचे चित्रच ते उलट दिशेने वाकडे करते, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद, जेणेकरून पडद्यावर पोहोचेपर्यंत दोन्ही वाकडेपणा एकमेकांना खोडून काढतील. वरच्या उदाहरणात चिपच्या सर्वांत वरच्या ओळीत 1920 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असले, तरी चित्रासाठी त्यांतले सुमारे 1736च वापरता येतात. संगणकाकडून मात्र 1920 पिक्सेलांचीच माहिती येत असते, त्यामुळे एका पिक्सेलची रेषा कधी एका पिक्सेलवर नेमकी बसते, तर कधी दोघांत विभागून फिकी पडते. आमच्या तक्त्यातल्या रेषांचे कोडे एवढेच होते. बारीक देवनागरी अक्षरांत याचा फटका आधी अनुस्वाराला आणि मात्रेला बसतो. शिवाय तिरप्या किरणांमुळे वरची कड फोकस केली की खालची धूसर होते, आणि त्यावर या बटणाकडे कोणताही उपाय नाही.

उरलेल्या पिक्सेलांचे काय होते, हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. सभागृहातले दिवे पूर्ण मालवून पडद्याकडे नीट पाहिले, तर सरळ केलेल्या चित्राच्या दोन्ही बाजूंना वर रुंद होत जाणाऱ्या अगदी मंद राखाडी पाचरी दिसतात. डीएलपी जातीच्या प्रोजेक्टरमध्ये चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये ही रचना शोधली. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा एका बाजूला झुकून प्रकाश भिंगाकडे किंवा दुसऱ्या बाजूला झुकून आतल्या शोषक पृष्ठभागाकडे पाठवतो. ‘बंद’ आरशाकडूनही थोडा प्रकाश विखुरून भिंगातून निसटतो, आणि त्या राखाडी पाचरी म्हणजे तो निसटलेला प्रकाश. म्हणजे प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. काळा म्हणून आपण पाहतो तो कमी उजळलेला पडदा असतो.

म्हणूनच खोक्यावर छापलेल्या हजारोंच्या कॉन्ट्रास्टला, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाच्या गुणोत्तराला, ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत फारसा अर्थ उरत नाही. 2000 ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे एकूण प्रकाशाचे माप, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन) प्रोजेक्टर 100 इंची पडद्यावर, म्हणजे सुमारे 2.76 चौरस मीटरवर, साधारण 725 लक्स प्रकाश पाडतो. खोलीतल्या दिव्यांचा 100 लक्स प्रकाश त्याच पडद्यावर पडत असेल, तर पांढरा 825 आणि काळा निदान 100, म्हणजे गुणोत्तर फार तर सव्वाआठ. मेनूतली कोणतीही सेटिंग हे बदलू शकत नाही, पडद्याजवळचा दिवा बंद करणे मात्र नक्की बदलते.

उपाय सोपे आहेत. बहुतेक टेबलावरच्या प्रोजेक्टरमध्ये चिप भिंगाच्या मध्यापासून थोडी सरकवलेली असते, त्यामुळे प्रोजेक्टर सपाट ठेवला तरी चित्र भिंगाच्या पातळीच्या वर उमटते. तेव्हा आधी कीस्टोन शून्यावर आणावे, टेबलच उंच करावे किंवा पडदा खाली घ्यावा. महागड्या यंत्रांत भिंग वर-खाली सरकवण्याची सोय असते, तिच्यात चिप समांतरच राहते, म्हणून ती वापरायला काहीच हरकत नाही. छताला यंत्र उलटे टांगायचे असेल, तर मेनूत ‘सीलिंग’ निवडावे, नाहीतर चित्रही उलटे पडेल.

मेनूतले ‘ब्राइटनेस’ हे नाव फसवे आहे. ते मुख्यतः काळ्याची पातळी ठरवते आणि ‘कॉन्ट्रास्ट’ पांढऱ्याची. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी लावून, दोन्ही टोकांकडच्या शेजारच्या छटा वेगळ्या ओळखू येईपर्यंत ही दोन्ही बटणे फिरवावीत. मेनूतला ‘डायनॅमिक’ नावाचा चित्राचा प्रकार पाऱ्याच्या दिव्यावर चालणाऱ्या यंत्रांत हिरवट झाक आणतो, कारण त्या दिव्यात हिरवा मुबलक असतो आणि उजेड वाढवायच्या नादात त्याला आवर घातला जात नाही. आणि स्वस्त खोक्यावरचे ‘4के सपोर्ट’ वाचून हुरळू नये. त्याचा अर्थ यंत्र 4के, म्हणजे 3840 गुणिले 2160 पिक्सेलांचा, संकेत स्वीकारते एवढाच होतो. आतली चिप 1280 गुणिले 720 पिक्सेलांची असली, तरी ते शब्द खोक्यावर छापता येतात.